पासंग : नोकरी आणि कॉलेज एकाच तराजूत तोलण्याची सोपी कृती

प्रथम तराजू तपासून घ्यावा. बहुतेक विद्यार्थी इथेच चुकतात. एका पारड्यात कॉलेज टाकतात, दुसऱ्यात नोकरी टाकतात आणि काटा मध्यावर येण्याची वाट बघत बसतात. काटा काही येत नाही. मग घरचे, कॉलेजातले सर, दुकानाचे मालक आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही असे समोरच्या इमारतीतले आजोबा, सगळे मिळून एकच सल्ला देतात : ‘बॅलन्स करायला शीक.’

त्या सल्ल्याची अंमलबजावणी कशी करावी, हे कोणी सांगत नाही. ती उणीव प्रस्तुत मार्गदर्शनाने भरून काढली आहे. लेखकाची पात्रता पुढीलप्रमाणे : पुण्यात तीन वर्षांचे बी.कॉम. चार वर्षांत पूर्ण, पहाटे पेपरची लाइन, संध्याकाळी झेरॉक्सचे दुकान, लग्नसराईत रविवारी कॅटरिंग, दोन एटीकेटी, आणि एका सेमिस्टरला डिफॉल्टर लिस्टमध्ये पहिला नंबर. शैक्षणिक आयुष्यातला तो एकमेव पहिला नंबर असल्यामुळे मुद्दाम नोंदवला आहे.

साहित्य

कॉट बेसिसवरच्या खोलीतली एक कॉट, शक्यतो दारापासून लांब. सायकल एक, घंटी नसली तरी चालेल, कॅरिअर मात्र हवेच. रूममेट एक, अभ्यासू. त्याचा आवाज आपल्याशी मिळताजुळता असल्यास उत्तम. मेसचा महिन्याचा डबा. पांढरा शर्ट आणि काळी पँट यांचा एक जोड. लग्नात वाढायला, वर्गात प्रेझेंटेशनला आणि तोंडी परीक्षेला हाच वापरावा, फक्त मठ्ठ्याचा डाग फाईलखाली झाकला जाईल अशा बेताने फाईल धरावी. गजर. झोप, चवीपुरती.

पायरी पहिली : आठवड्याचे तास मोजावेत

आठवड्यात १६८ तास असतात. ही संख्या गरीब-श्रीमंत सर्वांना सारखीच मिळते, असे प्रेरणादायी वक्ते सांगतात. ते खरे आहे. आता खर्च मांडू.

रोज आठ तास झोप, म्हणजे ५६. सेमिस्टरला २२ क्रेडिट, एका क्रेडिटला वर्गातले १५ तास, सेमिस्टर १५ आठवड्यांचे. म्हणजे आठवड्याला वर्गात २२ तास. पेपरची लाइन रोज अडीच तास, सातही दिवस : साडेसतरा. झेरॉक्सचे दुकान संध्याकाळी पाच ते दहा, सहा दिवस : ३०. जाणे-येणे रोज दीड तास, सहा दिवस : ९. आंघोळ, जेवण, कपडे धुणे आणि नळाला पाणी असताना बादल्या भरून ठेवणे, रोज तीन तास : २१. एकूण साडेपंचावन्न अधिक शंभर. उरले साडेबारा तास.

वर्गात जेवढे तास, तेवढाच अभ्यास घरी करावा असे जाणकार म्हणतात. म्हणजे २२ तास हवेत. तूट साडेनऊ तासांची. ती भरून काढायला एखाद्या पोत्यात हात घालावा लागतो आणि तो झोपेच्याच पोत्यात घालावा, कारण बाकीच्या सगळ्या पोत्यांना मालक आहेत.

साडेनऊ तास सात दिवसांत वाटले की रोजची झोप ६ तास ३९ मिनिटे भरते. हे अगदीच वाईट नाही. प्रत्यक्षात मात्र दुकान दहाला बंद होते, अंथरुणाला पाठ लागेपर्यंत अकरा वाजतात आणि गजर पहाटे चारचा असतो. झाले पाच तास. बाकी राहिलेले १ तास ३९ मिनिटे वर्गात, शेवटून दुसऱ्या बाकावर वसूल करावेत. शेवटचा बाक घेऊ नये. सरांची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

पायरी दुसरी : नोकरी निवडावी

आवड, कल आणि भावी कारकीर्द यांचा विचार करून नोकरी निवडावी, असे करिअर मार्गदर्शक सांगतात. आपण कॉलेज सुटण्याची वेळ पाहून निवडावी.

पेपरची लाइन : पहाटे साडेचारला चौकात गठ्ठे येतात. पुरवण्या मुख्य अंकात घालाव्यात, सायकलला लावाव्यात आणि सातच्या आत शंभर दारे गाठावीत. या कामाचे फायदे अनेक. व्यायाम होतो, जगाच्या बातम्या जगाआधी कळतात आणि खालून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पेपर भिरकावण्याची कला अंगी येते. पावसाळ्यात पेपर प्लास्टिकमध्ये घालावा. पेपरवाल्याला प्लास्टिकमध्ये घालण्याची पद्धत नाही. सुट्ट्या वर्षाकाठी मोजक्या, आणि त्याही सणाच्या दिवशी नसतात. छापखाना सणाला बंद, म्हणून पेपर दुसऱ्या दिवशी येत नाही. सगळ्यांचे लक्ष्मीपूजन झाले की आमची दिवाळी. महिनाअखेरीस बिल घ्यायला जाताना वही सोबत ठेवावी. ‘अकरा तारखेला पेपर उशिरा आला होता, तेवढे पैसे कमी करा,’ असे म्हणणारे एक गिऱ्हाईक प्रत्येक लाइनला नेमून दिलेले असते.

कॅटरिंग : मुहूर्त दाट असले की रविवार सोन्याचा. बुफेच्या टेबलामागे उभे राहून दिवसभर ‘पनीर घ्या, पनीर’ म्हणावे. एकदा समोर ताट धरून आमच्या वर्गातली मुलगी उभी राहिली. मी ओळख दाखवली नाही, तिनेही दाखवली नाही. सोमवारी तिने फक्त एवढेच विचारले, ‘जिलेबी शेवटी संपलीच ना रे?’ अशा मैत्रिणी मिळाल्यास सांभाळाव्यात.

शिकवण्या : पाचवीच्या मुलाला गणित शिकवावे. पगार बरा, चहा मिळतो. एकच अडचण असते : त्या मुलाची परीक्षा आणि आपली परीक्षा नेहमी एकाच आठवड्यात येते, आणि त्याची आई आपल्या आईपेक्षा जास्त काळजी करते.

झेरॉक्सचे दुकान : लेखकाची शिफारस याच कामाला आहे. कॉलेजच्या दाराशी दुकान, त्यामुळे जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, असे वाटते. पहिल्या पायरीत तरीही दीड तास धरला आहे, कारण सायकल.

पायरी तिसरी : हजेरीचे अंदाजपत्रक मांडावे

हजेरी ७५ टक्के लागते. बहुतेकांना हा नियम जाचक वाटतो. नियम नीट वाचावा. २२ तासांचे ७५ टक्के म्हणजे साडेसोळा. याचा अर्थ दर आठवड्याला साडेपाच तास गैरहजर राहण्याची सोय विद्यापीठाने स्वतः करून दिली आहे. हा आपला कायदेशीर महसूल होय. तो पावसाळ्यात झोपून उधळू नये.

कॉमर्सचा पहिला तास सात-वीसला. लाइन संपते सातला. सायकल लावून, हातापायांची शाई धुऊन वर्गात पोचायला पावणेआठ होतात. म्हणजे पहिला तास रोज बुडतो. आठवड्याला सहा. सूट साडेपाचची. अर्ध्या तासाची तूट, आणि तेवढ्यावर माणूस डिफॉल्टर होतो. मोठमोठी राज्ये एवढ्याशा तुटीने बुडाल्याचे इतिहासाच्या पेपरात लिहून पाहावे. पाच मार्क मिळतील, हजेरी मिळणार नाही.

इथे आवाज जुळणारा रूममेट उपयोगी पडतो. पण वापर जपून करावा. एकदा लाइन लवकर आटोपल्यामुळे मी उत्साहाने वेळेवर वर्गात गेलो आणि रूममेटला कळवायचे राहिले. सरांनी माझा नंबर पुकारला. दोन कोपऱ्यांतून ‘येस सर’ आले. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

‘एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी असल्याचं पोथ्यांत वाचलंय,’ ते म्हणाले. ‘तुम्ही एका ठिकाणी दोनदा आहात. बसा. दोघंही बसा.’

पायरी चौथी : मालकाशी बोलणी करावीत

रजा मागताना खरे कारण सांगावे. तरीही उपयोग होत नाही, हे खालील संवादावरून ध्यानात येईल.

‘काका, उद्या येणार नाही. पेपर आहे.’

‘पेपर तुला रोजच असतो.’

‘तो पेपर नाही काका. कॉस्टिंगचा.’

‘किती वाजता?’

‘अकरा ते दोन.’

‘मग दुपारी तीनला ये. पेपर संपल्यावर घरी बसून काय करणार?’

यावर उत्तर नाही. पेपर संपल्यावर घरी बसून काय करणार, या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही विद्यार्थ्याकडे देण्याजोगे उत्तर नाही. तीनला जावे. पोचल्यावर काका चहा मागवतील, ‘कसा गेला?’ विचारतील आणि उत्तर येण्याआधी दोनशे पानांची फाईल हातात देतील. त्यांना जुलमी समजू नये. सेमिस्टरच्या अखेरीस मशीन एक, माणसे दोन आणि रांग रस्त्यापर्यंत असते. काकांचाही बॅलन्सच चाललेला असतो.

या धंद्यात सरकारकडून मिळणारी एक रजा आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत केंद्राच्या जवळची झेरॉक्सची दुकाने पेपर संपेपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश निघतो. तेवढे तास अभ्यासाला धरावेत. रजा बिनपगारी असते, पण दुसऱ्यांच्या परीक्षेमुळे आपला अभ्यास होण्याचा योग वर्षातून एकदाच येतो.

पायरी पाचवी : अभ्यास करावा

झेरॉक्सच्या दुकानात काम करणाऱ्याला अभ्यासासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, असा समज आहे. त्याला आधार आहे. तीन वर्षे अख्ख्या कॉलेजचा अभ्यास माझ्या हाताखालून गेला. टॉपर मुलीच्या नोट्सच्या मी एका संध्याकाळी चाळीस प्रती काढल्या, पाठपोट. तिचे अक्षर मला स्वतःच्या अक्षराइतके ओळखीचे झाले होते. तिने ‘डेप्रिसिएशन’खाली कुठल्या रंगाची रेघ मारली होती ते मात्र सांगता येणार नाही, कारण मशीन काळे-पांढरे होते. आणि रेघेच्या वर काय लिहिले होते तेही सांगता येणार नाही, कारण कागद बाहेर पडेपर्यंत फक्त पानाचा आकडा बघायचा असतो.

परीक्षेच्या आदल्या रात्री काही विद्यार्थी हळू आवाजात ‘मायक्रो मिळेल का?’ असे विचारतात. म्हणजे अख्खा धडा बोटभर कागदावर. दुकानात पाटी असते : ‘मायक्रो झेरॉक्स काढून मिळणार नाही.’ पाटीकडे बोट दाखवावे. अशा वेळी एक गोष्ट मनात येते ती दाबून टाकावी : या माणसाला निदान कुठला धडा महत्त्वाचा आहे हे माहीत आहे.

अभ्यासाच्या सिद्ध जागा : बसमधली खिडकीची सीट, पेपरच्या गठ्ठ्यांची गाडी उशिरा आली तर चौकातला दिवा, लग्नाच्या हॉलमध्ये पहिली पंगत उठून दुसरी बसेपर्यंतची वीस मिनिटे, आणि मशीनमध्ये कागद अडकला असता मेकॅनिक येईपर्यंतचा काळ. ‘कंपनी लॉ’ मी बहुतांश मेकॅनिकच्या कृपेने पास झालो. मशीन चांगले होते. म्हणून ‘ऑडिटिंग’ राहिले.

पायरी सहावी : थोर उदाहरणे ऐकून घ्यावीत

नोकरी करतो असे सांगितले की समोरचा माणूस थोर उदाहरणे काढतो. तोंड हसरे ठेवावे. पूर्वी पुण्यात मुले वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि तरी मोठी झाली, असे सांगण्यात येते. सात वार म्हणजे सात घरे. म्हणजे त्या मुलाच्या अभ्यासाखाली सात स्वयंपाकघरे पेटत होती, हे सांगताना राहून जाते.

पुढचे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. ते लक्षपूर्वक ऐकावे, कारण ते अर्धेच सांगतात. १९१९ साली कराडजवळच्या काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले. सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपले काम आपल्या हाताने करत. १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुले शेतात राबली आणि शिकली. इथपर्यंत सगळे सांगतात आणि मग आपल्याकडे बघतात.

या गोष्टीत दोन तपशील आहेत. एक असा की शेतातले काम आणि वर्गातला तास, दोन्हींची घंटा एकाच संस्थेची होती. कामाला उशीर झाला म्हणून तासाला दंड, असा मामला नव्हता. मुंबईतही १९४६ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. या दोघांपैकी कोणीही मुलांना ‘बॅलन्स करायला शिका’ असे सांगितले नाही. त्यांनी आधी वेळापत्रक बदलले.

दुसरा तपशील कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांचा. बोर्डिंग चालवायला पैसे पुरेनात तेव्हा त्यांच्या अंगावरचे दागिने गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. पोरे जेवली, शिकली, तराजू समतोल राहिला.

त्या तराजूकडे आपण शेवटच्या पायरीत परत येणार आहोत.

वारंवार विचारल्या जाणाऱ्या शंका

नोकरी सोडली तर अभ्यास होईल का? होईल. परंतु नोकरी सोडल्याने मोकळा झालेला वेळ पुढच्या महिन्याचे खोलीभाडे कुठून द्यायचे या विचारात जातो, आणि हा विषय अभ्यासक्रमात नाही.

सरांना नोकरीचे सांगावे का? सांगावे. काही सर ‘आम्हीही असंच शिकलो’ म्हणून वेळेवर यायला सांगतात. काही सर काहीच बोलत नाहीत आणि जर्नल सोमवारी आणले तरी सही करतात. दुसऱ्या प्रकारचे सर कमी असतात. त्यांच्या झेरॉक्स नीट काढून द्याव्यात.

बायोडाटामध्ये हे काम कसे लिहावे? पेपरची लाइन म्हणजे ‘वितरण व्यवस्थापन’. बुफेमागे उभे राहणे म्हणजे ‘ग्राहकसेवा’. झेरॉक्स म्हणजे ‘दस्तऐवज हाताळणी’. एटीकेटीला मात्र अजून चांगला शब्द सापडलेला नाही.

शेवटची पायरी : तराजू उलटा करून पाहावा

करमाळा तालुक्यात आमचे किराणा दुकान आहे. लहानपणी तिथे लोखंडी तराजू होता. त्याचे एक पारडे झिजून हलके झाले होते, म्हणून वडिलांनी त्याखाली सुतळीने एक दगड बांधला होता. त्याला पासंग म्हणतात. पासंग म्हणजे लबाडी नव्हे. तो नसेल तरच माप खोटे पडते. गिऱ्हाईक समोरून बघते, तेव्हा त्याला दोन पारडी आणि सरळ काटा दिसतो. दगड दिसत नाही.

तेव्हा आपले पारडे समतोल आहे असे वाटू लागले की ते वर उचलून खाली बघावे. माझ्या पारड्याखाली बरेच दगड निघाले. रात्री सव्वादहाला डबा घ्यायला गेलो तरी पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवणाऱ्या मेसच्या मावशी. पेपरच्या दिवसांत माझी अर्धी लाइन स्वतःच्या लाइनला जोडून घेणारा, सहावीतून शाळा सुटलेला मुलगा. दोनदा ‘येस सर’ म्हटल्याबद्दल आठवडाभर वर्गाबाहेर उभा राहिलेला रूममेट. यांपैकी कोणाचेही नाव माझ्या मार्कलिस्टवर नाही.

सगळ्यांत जड दगड दुकानातच होता. मी पुण्यात होतो म्हणून वडिलांच्या शेजारी गल्ल्यावर धाकटी बहीण बसत होती. उधारीची वही तिच्याकडे, माल भरणे तिच्याकडे, दुपारी वडील आडवे झाले की अख्खे दुकान तिच्याकडे. बारावीनंतर तिने नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.कॉम.ला नाव घातले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचे ब्रीद; आमच्याकडे गंगा शेंगदाण्याच्या पोत्यापर्यंत आली. तिने तीन वर्षांचे बी.कॉम. तीन वर्षांत केले. टक्के माझ्यापेक्षा नऊ जास्त.

हे मार्गदर्शन लिहायला घेतले तेव्हा मी तिला फोन केला आणि विचारले, तू बॅलन्स कसा केलास?

‘कसला बॅलन्स, दादा?’ ती म्हणाली. ‘गिऱ्हाईक नसलं की वाचायचं. गिऱ्हाईक आलं की उठायचं.’

वरच्या सहा पायऱ्या ज्यांना लांबल्यासारख्या वाटल्या असतील, त्यांनी हे एवढेच पाठ करावे.

दुकानात आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्यामुळे पासंगाचा दगड मोकळा झाला. तो टाकून दिलेला नाही. गल्ल्यावर पंखा असतो आणि गिऱ्हाईकासाठी उठले की पुस्तकाची पाने उलटतात. तीन वर्षे तो दगड तिच्या पुस्तकावर होता.